मेणबत्ती, टोमॅटो आणि पसाभर गहू

उत्तर कोरियातल्या एका बाजारात संध्याकाळच्या गर्दीत एक बाई चुकते. दक्षिणेकडून वादळाने तिला इकडे आणून टाकलेले आहे. जवळ ओळखपत्र नाही, बोलण्याची ढब वेगळी, सापडली तर जिवावर बेतणार. अंधार दाटत जातो आणि तेवढ्यात माणसांच्या डोक्यांवरून उंच धरलेली एक पेटती मेणबत्ती पुढे सरकताना दिसते. ती धरून तिला शोधणारा माणूस लष्करातला कप्तान आहे. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही मालिका पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग विसरता येत नाही, पण त्याचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. आधी एकदा तिने सुगंधी मेणबत्ती मागितली होती आणि त्याने साधी आणून दिली होती. बाजारातली मेणबत्ती सुगंधी आहे. या वेळी बरोबर आणली ना, एवढेच तो विचारतो. प्रेमाची कबुली नाही, मिठी नाही, पार्श्वसंगीताखेरीज काही मोठे घडत नाही. एका माणसाने दुसऱ्याचे बोलणे लक्षात ठेवले, आपली चूक आठवणीत ठेवून ती सुधारली, इतकेच घडते. कोरियन प्रेममालिकेची सारी ओढ मला या लक्षात ठेवण्यात दिसते. देखणे चेहरे, बर्फ, उंची कोट हे तिचे वरचे कपडे. आणि मला पुढे असे म्हणायचे आहे की यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात एखादी बाई ही मालिका पाहून डोळे पुसते तेव्हा ती परक्या स्वप्नात हरवलेली नसते. तिच्याच मातीने फार पूर्वीपासून मांडलेली एक मागणी तिला दुसऱ्या तोंडून ऐकू येत असते.

या मालिका इकडे आल्या त्या मोबाइलमधून. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हिंदी डबिंगमुळे भाषेची अडचण राहिली नाही. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा गावांना सिनेमागृहाची किंवा मोठ्या शहराची मध्यस्थी लागेनाशी झाली. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात कोरियात ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ दाखवली गेली, आणि लगेच आलेल्या टाळेबंदीत ती जगभर पाहिली गेली. तिचा पूर्वार्ध ज्या खेड्यात घडतो ते खेडे यवतमाळच्या प्रेक्षकाला सेऊलपेक्षा कितीतरी जवळचे आहे. तिथे वीज केव्हाही जाते. प्याँगयांगकडे निघालेली आगगाडी वीज नसल्याने माळावर रात्रभर उभी राहते, आणि खाण्याच्या वस्तू, जळण विकणारे लोक अंधारातून धावत येतात. उतारू शेकोटी पेटवून बसतात. ओलितासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहत वावरात जागणाऱ्या माणसाला ही रात्र समजावून सांगावी लागत नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी जाणाऱ्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीच्या संथ प्रवासाच्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, त्यांना ती गाडीही ओळखीची वाटेल. शेजारणी एकत्र येऊन हिवाळ्याची किमची घालतात, तोंडाने एकमेकींचे वाभाडे काढतात आणि अडचणीच्या वेळी एकमेकींच्या दारात उभ्या राहतात. उन्हाळ्यातल्या वाळवणाच्या दिवसांत आपल्या अंगणात याहून वेगळे काय चालते? हे खेडे इतके खरे वाटते याला कारण आहे. मालिकेच्या लेखनात उत्तर कोरियातून निघून आलेल्या एका माणसाचा सहभाग होता. म्हणजे सीमेपलीकडच्या, कोणी सहसा न पाहिलेल्या घरांतल्या मातीच्या भांड्यांचीसुद्धा दखल घ्यायची, अशा वृत्तीने ती लिहिली गेली.

ही वृत्ती पात्रांच्या वागण्यातही उतरते. कप्तान री जाँग-ह्योक फार बोलत नाही. नायिका यून से-रीला कॉफी हवी असते, तर तो कच्च्या बिया मिळवतो, भाजतो, दळतो, उकळतो. भूक लागली तर स्वतः पीठ मळून शेवया करतो. पुढे तो तिला टोमॅटोचे एक रोप देतो आणि पाणी व ऊन यांच्याबरोबर रोज दहा चांगले शब्दही त्याला ऐकवायला सांगतो. यून से-री ही दक्षिणेतल्या अतिश्रीमंत घरातली, स्वतःची कंपनी चालवणारी, कोणावर विश्वास न ठेवणारी बाई. आणि हीच बाई त्या कुंडीसमोर चांगले शब्द आठवत बसते. हे दृश्य बालिश म्हणून सोडून देता येईल. मला ते मालिकेतले सर्वांत गंभीर दृश्य वाटते, कारण प्रेम ही अंगावर येऊन पडणारी गोष्ट नाही, ती रोज करायची गोष्ट आहे, हे तिथे एका रोपाच्या आधाराने मांडलेले आहे. हिंदी सिनेमाने आपल्याला फार काळ शिकवले की प्रेम म्हणजे पहिली नजर, पाठलाग, नकार आणि मग विजय. त्यात नायक किती तळमळतो ते दिसते. नायिकेने काल काय म्हटले होते ते त्याला आठवते का, हे मात्र कधी विचारले जात नाही. बऱ्या कोरियन मालिकेत हाच प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर कृतीतून मिळते. त्यामुळे तिचा वेग संथ असतो. एक हात दुसऱ्या हाताला लागायला आठ भाग जातात, पण तोपर्यंत पाहणाऱ्याला त्या दोघांच्या सवयी घरच्या माणसासारख्या पाठ झालेल्या असतात.

याहून ठळक पुरावा मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ या मालिकेत मिळतो. जेजू बेटावरची ही कथा १९५० च्या दशकात सुरू होते. ए-सुनची आई समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले काढणारी हेन्यो. कष्टाने झिजून ती एकोणतिसाव्या वर्षी मरते. ए-सुनला कविता लिहायच्या आहेत. तिच्यावर जीव लावणारा ग्वान-शिक हा मासे विकणाऱ्या घरातला अबोल मुलगा. ती बाजारात कोबी विकायला बसते पण ओरडून गिऱ्हाईक बोलावणे तिला जमत नाही. ती पुस्तक वाचते आणि तो कोबी विकतो. लग्नानंतर सासरी तिच्या वाट्याला जे येते ते आपल्या कोणत्याही गावात येते तसेच: टोमणे, कामाचा रगाडा, मुलगी झाली म्हणून वाकडे तोंड. त्या घरात पुरुष एका पाटावर जेवतात आणि बायका वेगळ्या, बाजूच्या पाटावर. एका जेवणात ग्वान-शिक आपली बैठक फिरवतो. वडीलधाऱ्यांकडे पाठ होते, तोंड बायको आणि मुलीकडे, आणि तो त्यांच्या पाटावर जेवू लागतो. भांडण नाही, भाषण नाही. पण त्या घराची शतकानुशतकांची मांडणी एका माणसाच्या वळून बसण्याने हलते. आपल्याकडे पंक्ती उठल्यानंतर उरलेल्या भाजीत भाकरी फिरवून उभ्या-उभ्या जेवणाऱ्या बाईला या दृश्याचा अर्थ कोणी सांगायला नको. ती जेवली का, काय उरले होते, हे कोणी विचारत नाही, म्हणून तिला हे कळते. टीकाकार ज्याला भावुकपणा म्हणतील ते या ठिकाणी अगदी व्यवहारातले आहे: कोण कोणाकडे तोंड करून जेवतो.

आता माझ्या दाव्याचा दुसरा भाग: ही मागणी इथलीच आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे आणि तिथे सीतेचे मंदिर आहे. रामाशेजारी उभ्या असलेल्या सीतेची देवळे गावोगाव आहेत. रावेरीची सीता एकटी आहे, टाकून दिलेली. लोककथा अशी की वनवासात इथे तिने लव-कुशांना जन्म दिला, बाळंतपणानंतर गावात पसाभर गहू मागितले आणि गावाने ते दिले नाहीत. मग तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. या कथेवर जितका विचार करावा तितकी ती खोल जाते. वाल्मीकीच्या कथेत सीतेवरचा अन्याय राजाचा आहे, तो धर्माच्या, लोकापवादाच्या मोठ्या शब्दांत बोलतो. रावेरीच्या कथेत अन्याय शेजाऱ्यांचा आहे आणि त्याचे माप पसाभर आहे. ओल्या बाळंतिणीला काय लागते हे पाहायला कोणी डोळे वर केले नाहीत, एवढाच गुन्हा, आणि त्याला शिक्षा पिकाची. ज्यांनी ही गोष्ट रचली, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना ठाऊक होते की बाईचे आयुष्य पुष्कळदा एखाद्या भयंकर घटनेने मोडत नाही; मागितलेले ऐकले न गेल्याने मोडते. याच भागात कापसाची वेचणी सुरू करताना वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात. पांढऱ्या सोन्याच्या पहिल्या वेचणीला बायका ज्या देवीचे नाव घेतात ती गाव आणि नवरा या दोघांनीही न विचारलेली बाई आहे. टँजरिन्सच्या कथेत तरुण जोडप्याच्या घरातले तांदूळ संपलेले असतात तेव्हा घरमालक म्हातारा-म्हातारी काही न बोलता त्यांच्या रांजणात तांदूळ टाकून जातात. रावेरीच्या गोष्टीत जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते जेजूच्या गोष्टीत घडते. ही जवळीक मी ओढूनताणून आणलेली नाही. भुकेच्या प्रदेशांत प्रेमाची परीक्षा धान्याच्या भांड्याशीच होते.

रावेरीच्या मंदिराचा जीर्णोद्धार शरद जोशींच्या पुढाकाराने झाला, ही बाब इथे महत्त्वाची आहे. शेतमालाच्या भावासाठी लढणारा, आकड्यांची भाषा बोलणारा हा माणूस सीतेच्या देवळाकडे भाविक म्हणून गेला नव्हता. टाकून दिलेल्या बायकांचा प्रश्न त्याला तिथे उभा दिसला. त्याआधी, १९९० च्या सुमारास, त्याच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता: नवऱ्याने आपणहून जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा. कायद्याची सक्ती नव्हती, कोर्ट नव्हते. आजवर घरच्या लक्ष्मीने वावरात केलेल्या कामाचे ऋण मान्य करायचे आणि ते सातबाऱ्यावर लिहायचे. पुढे सीताशेती या नावाने बाईच्या स्वतःच्या तुकड्याची कल्पनाही मांडली गेली. मला ही मराठी मातीतली अस्सल प्रेमकथा वाटते. नवरा तलाठ्याच्या दारात जातो आणि शेतात रोज निंदणाऱ्या, वेचणाऱ्या, डोक्यावर गाठोडे आणणाऱ्या बाईचे नाव कागदावर घालायला सांगतो, यात मेणबत्तीच्या प्रसंगापेक्षा कमी काव्य नाही. दोन्हीकडे एकच क्रिया आहे: जे रोज डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते ते दिसणे.

न दिसण्याची किंमत हा जिल्हा चांगली जाणतो. कोटा नीलिमा यांनी २०१८ मध्ये विदर्भातल्या शेतकरी विधवांवर पुस्तक लिहिले, त्याचा विषयच अदृश्यता हा आहे; नवरा गेल्यावर बाई घराच्या, गावाच्या आणि सरकारच्या नजरेतून कशी पुसली जाते ते त्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, उद्घाटक म्हणून आधी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि त्यातून उठलेल्या वादानंतर वैशाली येडे या याच जिल्ह्यातल्या शेतकरी विधवेने उद्घाटन केले. त्या ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकात शेतकरी घरांतल्या बायका आपल्यासारख्याच बायकांचे जगणे रंगमंचावर आणतात. प्रेक्षकाने समोर बसून बघावे, मान वळवू नये, एवढी त्यांची अपेक्षा. निमंत्रणाच्या वादावर मतभेद असतील. पण हजारो पुस्तकप्रेमींच्या मांडवात एका बाईकडे सगळे तोंड करून बसले, ही घटना उरतेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: या मालिका म्हणजे पलायन, रिकाम्या वेळेचा गोड गुंगारा. जपानमध्ये २००३ पासून एनएचकेने ‘विंटर सोनाटा’ दाखवली तेव्हा मध्यमवयीन बायका त्या कथेने वेड्या झाल्या. २००४ मध्ये नायक बे याँग-जून नारिता विमानतळावर उतरला तर हजारो जणी त्याला पाहायला जमल्या, आणि वर्तमानपत्रांतून त्यांची बरीच टर उडवली गेली. टर उडवणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला नाही: आयुष्यभर घर सांभाळलेल्या इतक्या बायकांना एकाच वेळी कशाची उणीव जाणवली? क्रिकेटच्या सामन्यासाठी रात्र जागणाऱ्या पुरुषाला पलायनवादी म्हटले जात नाही. आणि पलायन म्हणजे तरी काय? जिथे आपले दुःख विसरायला होते ते पलायन. या मालिका पाहताना दुःख विसरत नाही, ते नेमके होते. स्वतःच्या संसारात काय कमी आहे याला नाव नसते. ग्वान-शिक वळून बसला की ते नाव सापडते. रडू येते ते त्या सापडण्याचे असते. जात्यावर बसून दुसऱ्या कोणाच्या सासुरवासाची ओवी म्हणताना डोळे भरून येणाऱ्या बायकांना आपण लोकसंस्कृती म्हणून मान देतो. मोबाइलसमोर बसलेल्या त्यांच्या नातीला तो मान नाकारायचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खरा कोरिया असा नाही. तिथला आत्महत्यांचा दर ओईसीडी या विकसित देशांच्या गटात सर्वाधिक आहे, स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावतही त्याच गटात सर्वांत मोठी. २०२३ मध्ये तिथला प्रजनन दर ०.७२ वर आला. म्हणजे लग्न आणि मूल या दोन्हीकडे तिथल्या तरुण बायका पाठ फिरवत आहेत. मग पडद्यावरचा प्रेमळ कप्तान खोटा ठरत नाही का? मला उलट वाटते. या मालिका लिहिणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे: ‘क्रॅश लँडिंग’च्या पार्क जी-उन, ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’च्या किम उन-सूक, जोडीने लिहिणाऱ्या हाँग भगिनी. आपल्या समाजात जे मिळत नाही त्याची रेषा त्यांनी फार नेमकी ओढली आहे. मालिका हे कोरियाचे छायाचित्र नाही, कोरियाकडे केलेला अर्ज आहे. अशा अर्जात यवतमाळच्या बाईला आपलीही बाजू लिहिलेली सापडली तर त्यात फसवणूक कसली? ज्या दोन समाजांत माणसे एकटेपणाने आणि ओझ्याने मरतात, तिथे कोणी आपल्याला विचारावे ही इच्छा सारखी असणारच.

मुलींच्या अपेक्षा बिघडतात, असे तिसरे म्हणणे. असा नवरा मिळतो का कुठे, म्हणून मग संसारात मन लागत नाही. अपेक्षा बिघडतात म्हणजे वाढतात, आणि मागितलेले लक्षात ठेवणारा, पोट भरले का विचारणारा माणूस हवा ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. त्यात पैसा लागत नाही. मालिका मुलींना अशक्याच्या मागे लावतात हेही पूर्ण खरे नाही. ‘क्रॅश लँडिंग’मध्ये १९५३ च्या युद्धबंदीने आखलेली रेषा शेवटपर्यंत हलत नाही. नायक कितीही शूर असला तरी त्याला ती मोडता येत नाही. अखेरीस दोघांना मिळतात ते वर्षातले दोन आठवडे, तेही स्वित्झर्लंडमध्ये. आपल्याकडे अशा रेषा गावातच असतात आणि जात त्या आखते. २०१६ च्या ‘सैराट’ने ती ओलांडण्याची किंमत शेवटच्या काही मिनिटांत दाखवली आणि अख्खे चित्रपटगृह गप्प झाले. ते चित्र खरे होते, आवश्यक होते. पण रक्तानंतर काय, याचे उत्तर ते देत नाही आणि देऊही शकत नव्हते. कोरियन मालिका दुसरे काही दाखवते: रेषा तशीच असताना तिच्या दोन बाजूंना दोन माणसे एकमेकांची आठवण कशी जिवंत ठेवतात. परजातीतल्या मुलाशी बोलणेही धोक्याचे असलेल्या गावातली मुलगी ही गोष्ट पाहते तेव्हा ती बंड शिकत नाही. पण आपल्या मनात जे आहे ते घाण नाही, एवढे तरी तिला कळते.

या मालिकांत दोष आहेत आणि ते झाकून माझा मुद्दा मजबूत होणार नाही. २००९ च्या ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’चा नायक मुलीला छळतो आणि मालिका त्यालाच प्रेम म्हणते. मनगट धरून ओढत नेण्याचा प्रकार कितीतरी वर्षे प्रणय म्हणून खपला. गोऱ्या, नितळ चेहऱ्याचा हट्ट आपल्या आधीच गोरेपणाने पछाडलेल्या समाजात विष पेरतो. ‘क्रॅश लँडिंग’सारख्या चांगल्या कथेतही तळलेल्या कोंबडीच्या दुकानाची जाहिरात मध्येच घुसते. नायक पुष्कळदा गर्भश्रीमंत असतो, आणि ज्याच्याकडे वेळ व पैसा दोन्ही आहे त्याने काळजी घेणे सोपे असते. म्हणूनच मला ग्वान-शिक मोलाचा वाटतो. दिवसभर बोटीवर राबून, हात सोलवटून घरी आलेला माणूस बायकोकडे तोंड करून बसतो. कष्टाने माणूस खडबडीत होतो, त्याच्याकडून हळुवारपणाची अपेक्षा करू नये, ही आपल्या गावांतली आवडती समजूत त्याच्यापुढे टिकत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न अजून उरला आहे. दखल घेतल्याने कर्ज फिटते का? कापसाला भाव मिळतो का? बोंडअळी जाते का? नाही. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात विसाहून जास्त माणसे दगावली. त्यांना हवी होती ती योग्य साधने, वेळेवर उपचार, विषारी औषधांवर वचक. प्रेमकथा यातले काही देत नाही आणि तसा दावा करणारा माणूस या जिल्ह्याचा अपमान करील. पण दखल ही भावाला पर्याय म्हणून मागितलेली नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केले, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. म्हणजे आकडेमोड करणाऱ्या शासनालाही मान्य करावे लागले की घरोघर जाऊन माणसाला कसा आहेस म्हणून विचारणारे कोणीतरी लागते. त्या योजनांचे यश-अपयश हा वेगळा विषय. गप्प झालेल्या नवऱ्याला सांभाळणारी, त्याची झोप गेलेली ओळखणारी, दोरी आणि औषधाचा डबा नजरेआड करणारी बाई मात्र अशी कोणतीही योजना येण्याआधीपासून हे काम करत आली आहे. तिचे हे काम कोणत्याही नोंदीत नाही. लक्ष देण्याचे सगळे कष्ट जिच्या वाट्याला आले तिला पडद्यावर पहिल्यांदा उलटी दिशा दिसते, लक्ष तिच्याकडे येताना दिसते. अशा बाईच्या डोळ्यांतल्या पाण्याला मी हलके म्हणणार नाही.

मग आपल्याच मालिकांत हे का मिळू नये? इथे माझी तक्रार आहे आणि ती कळकळीची आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. तिची नायिका राधिका नागपूरकडची, आपल्या बोलीचा ठसका घेऊन मुंबईच्या घरात वावरणारी. अनिता दाते यांनी ती इतक्या मायेने उभी केली की विदर्भातल्या बायकांना आपले माणूस पडद्यावर आल्यासारखे झाले. तिने मसाल्यांचा धंदा उभा केला, मान मिळवला. पण पाच वर्षांत कथा फिरत राहिली ती नवरा कोणाचा, या एका प्रश्नाभोवती. ‘चार दिवस सासूचे’चे तर तीन हजारांहून अधिक भाग झाले. जी गोष्ट संपायचीच नाही असे ठरलेले असते तिच्यात कोणाला बदलता येत नाही. सासू सुधारली तर उद्याचा भाग कशावर काढणार? सोळा भागांत संपणाऱ्या कथेत माणूस आधी साधी मेणबत्ती आणतो आणि नंतर सुगंधी, कारण त्या दोहोंच्या मधे शिकायला मर्यादित वेळ असतो. आपल्या वाहिन्यांना जाहिरातींचे गणित सांभाळायचे असते हे मी समजतो. तरी सोळा भागांची एक गोष्ट यवतमाळची व्हावी, ही मागणी मला फार मोठी वाटत नाही. घाटंजी किंवा मारेगावकडचे एखादे गाव, पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटीच्या ओळी, वेचणीच्या दिवसांत कमरेला बांधलेली ओटी. लग्न ठरवून झालेले, नवरा अबोल. तिच्या पाठीची कळ त्याला कितव्या भागात कळते, तो जेवताना कधी वळून बसतो, सातबाऱ्यावर तिचे नाव चढवायला जाताना तलाठी कार्यालयाच्या पायरीवर त्याला कोण हसते आणि तो काय उत्तर देतो, एवढ्यावर सोळा भाग सहज उभे राहतील. भाषा वऱ्हाडी असावी आणि ती हशा पिकवण्यासाठी वापरलेली नसावी. काम करायला या जिल्ह्यातल्या बायकाच घ्याव्यात. ‘तेरवं’च्या रंगमंचावर त्यांनी दाखवून दिले आहे की आपले म्हणणे त्या स्वतः बोलू शकतात.